गाडी द्या, अटी तुमच्यापाशी ठेवा

प्रश्न

माझं वय ५९, राहणार पुणे. आमच्याकडे १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे. बाबांनी ती १९७४ साली सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. मूळचा हिरवट राखाडी रंग काढून पांढरा दिला, पुढे डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. एवढं सोडलं तर गाडी आहे तशी आहे. बाबा पाटबंधारे खात्यात होते. बदली होईल त्या गावी ही गाडी आमच्याबरोबर असायची. खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून पाण्याचा कॅन घेऊन उभे असलेले बाबा अजून डोळ्यांसमोर आहेत. चार वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून गाडी सोसायटीत ताडपत्रीखाली आहे. नोंदणीची आणि विम्याची मुदत संपली आहे. आरसी बुक बाबांच्याच नावावर आहे, मृत्युपत्र केलेलं नव्हतं.

सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे, तीन महिन्यांत जागा सोडायची आहे. नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग, तेही एकच. चौघांनी गाडी मागितली आहे. एक जण लग्नांना गाड्या भाड्याने देतो, तो सर्वांत जास्त पैसे देतोय, पण छप्पर कापून गाडी उघडी करणार. दुसरा कोल्हापूरचा तिशीतला मुलगा, स्वतः गाड्यांची कामं करतो, पहिल्याच्या निम्मेच देऊ शकतो. तिसरा माझा चुलतभाऊ. 'काकांची गाडी बाहेर कशाला, माझ्या तळेगावच्या फार्महाउसवर राहू दे,' असं म्हणतो, म्हणजे फुकट. चौथा भंगारवाला. बायको म्हणते कुणालाही द्या, पण द्या. बहीण नागपूरला असते, तिला यातलं काही माहीत नाही. आई ८३ वर्षांची आहे. तिला त्रास होईल म्हणून विचारलेलं नाही.

मी मनाशी चार अटी ठरवल्या आहेत. रंग बदलायचा नाही, बाबांच्या वाढदिवसाला दरवर्षी गाडी बघू द्यायची, पुढे विकायची झाली तर आधी मला विचारायचं आणि गाडी महाराष्ट्राबाहेर न्यायची नाही. हे जास्त होतंय का? मुलीला सासरी पाठवताना बापाला वाटतं तसं वाटतंय. ग्लव्ह बॉक्समध्ये बाबांची वही आहे. किती पेट्रोल भरलं, किती किलोमीटर झाले, काय काम केलं, सगळं लिहिलेली. ती गाडीबरोबर द्यावी का?

– डिलाइटवाला, पुणे

उत्तर

तुमच्या चार अटींपासून सुरुवात करते. किंमत, गिऱ्हाईक, कागद हे सगळं नंतर. अटी तशाच राहिल्या तर गिऱ्हाईक कुठलंही येवो, व्यवहार होणार नाही. झालाच तर वर्षभरात वाजेल.

१९७४ साली सांगलीच्या डॉक्टरांनी तुमच्या बाबांना ही गाडी विकली. नवी फियाट नोंदवली की नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, असा तो काळ. सहा वर्षांची चालू गाडी हातची सोडताना डॉक्टरांच्याही जिवावर आलं असेल. पण 'रंग बदलायचा नाही' अशी अट त्यांनी घातली होती का? घातली असती तर पांढरी डिलाइट तुम्ही कधी पाहिलीच नसती. तुम्ही 'आहे तशी' म्हणता ती गाडी बाबांनी स्वतःच्या आवडीने आणि सोयीने बदलून घेतलेली आहे. ते डॉक्टर दरवर्षी दारात येऊन 'हिरवी कुठे गेली?' म्हणाले असते, तर पहिल्या वर्षी त्यांना चहा मिळाला असता आणि दुसऱ्या वर्षी 'साहेब दौऱ्यावर आहेत' असा निरोप.

डॉक्टरांनी गाडी पूर्ण दिली, म्हणून ती तुमच्या बाबांची होऊ शकली. तुम्हाला तेवढंच करायचं आहे. पैसे घ्यायचे, नाव बदलायचं आणि वर उंटावरून शेळ्याही हाकायच्या, हे तिन्ही एका वेळी होत नाही. आरटीओच्या कुठल्याही फॉर्मात 'वाढदिवसाला दर्शन' असा रकाना नाही, आणि नाही ते बरंच आहे. रंगाची अट सोडा. उद्या नव्या मालकाने मूळचा हिरवट राखाडी रंग शोधून काढला तर तो गाडीशी प्रामाणिकच असेल, फक्त तुमच्या आठवणीशी नसेल. राज्याबाहेर न नेण्याची अट तर मला कळलीच नाही. बेळगावात फियाट उदास होते का? राहिली 'विकताना आधी मला सांग' ही. ती विनंती म्हणून एकदा तोंडी बोला. आणि आठ वर्षांनी खरंच तसा फोन आला तर तुम्ही काय करणार, याचाही विचार करून ठेवा, कारण तुमचं पार्किंग तेव्हाही यांत्रिकच असेल.

मुलगी सासरी पाठवण्याचं तर मनातून काढूनच टाका. मुलीला स्वतःचं मत असतं, ती फोन करते, दिवाळीला येते, तुमच्याशी भांडते. गाडीचं तसं काही नसतं. तिला फक्त चालवणारा लागतो, आणि गेली चार वर्षं तुम्ही तिला तोही दिलेला नाही. टोचेल, पण लिहिते. ताडपत्री घालून तुम्ही बाबांची आठवण जपली असेल, गाडी जपली गेलेली नाही. उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल उडून खाली चिकट थर उरतो आणि कार्ब्युरेटरची जेट बुजवतो. ब्रेकच्या सिलिंडरमधले रबरी वॉशर कडक होतात, चाकं जाम होतात. प्लास्टिकची ताडपत्री पावसाळ्यात ओल आत कोंडते. मग पायाखालच्या रबरी मॅटच्या आड पत्रा सडत जातो आणि वरून रंग मात्र चकचकीत दिसत राहतो. उंदीर वायरिंग खातात ते वेगळंच.

शिवाय वेळ तुमच्या बाजूने नाही. डिलाइट आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी ही एकाच घराण्यातली, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीचं तेच इंजिन. (जाता जाता, जुनी फियाट दिसली की लोक सरसकट 'डुक्कर फियाट' म्हणतात. ती पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची. तुमची ती नव्हे. गिऱ्हाईक तुमच्या गाडीला डुक्कर म्हणालं तर त्याला गाडीतलं काही कळत नाही, एवढं समजून घ्या.) मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर सुट्या भागांचा बाजार चालू होता, कारण रोजचं गिऱ्हाईक होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्षानुवर्षं तिच्यात न बसलेल्या माणसांनीही गळे काढले. गळे काढणाऱ्यांनी क्लच प्लेट विकत घेतली नाही, त्यामुळे दुकानदारांनी नवा माल भरणं कमी केलं. नाना पेठेत आज जे शोधून मिळतं ते आणखी पाच वर्षांनी मिळेलच असं नाही. गाडी आत्ता, तिच्यात जीव आहे तोवर, कामाच्या माणसाच्या हाती गेली पाहिजे.

आता आई. 'तिला त्रास होईल म्हणून विचारलेलं नाही.' जी बाई चाळीसएक वर्षं त्या गाडीच्या पुढच्या सलग सीटवर बसली, तिला न विचारता गाडी गेली तर होणारा त्रास तुम्ही मोजलेला नाही. ती रोज गॅलरीतून ती ताडपत्री बघत असणार. कदाचित म्हणेल, 'एकदाची जाऊ दे, मला बघवत नाही.' कदाचित म्हणेल, 'एकदा बसवा.' कदाचित रडेल. तिन्ही चालेल. ठरवून टाकून सांगू नका, 'काय करू या?' असं विचारा. दुपारी विचारा, घरात गर्दी नसताना. आणि गाडीतलं काही तिला हवंय का, तेही विचारा.

हा नुसता रीतभाताचा मुद्दा नाही, कायद्याचाही आहे. मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाबांच्या मागे पत्नी, मुलगा आणि मुलगी हे पहिल्या वर्गातले वारस आणि तिघांचा हिस्सा सारखा. बाबांची आई त्यांच्या मागे हयात असेल तर तीही. गाडीसुद्धा त्यातच आली. नागपूरच्या बहिणीला 'यातलं काही माहीत नाही' असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण एक तृतीयांश गाडी तिची आहे आणि तिच्या लेखी संमतीशिवाय तुम्हाला ती विकता येणार नाही. वकिलाकडचा प्रतिज्ञापत्राचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर जाण्याआधी तुमचा फोन जाऊ द्या. भावाबहिणींची बोलणी बंद होतात ती बहुतेक वेळा अशाच गोष्टींवरून, आणि मग लोक म्हणतात की जमिनीवरून झालं. चुलतभावाचा मात्र यात कायद्याने कसलाही वाटा नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

कागदांचा क्रम चुकवू नका. बाबांच्या नावावरची गाडी थेट गिऱ्हाईकाच्या नावावर होत नाही. आधी ती वारसाच्या नावावर यावी लागते. त्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि आरसी बुक. नियमात याला तीन महिन्यांची मुदत आहे. ती केव्हाच उलटली, त्यामुळे दंड भरायची तयारी ठेवा. त्याआधी एक गोष्ट आजच बघा. मोबाइलवर परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीत तुमचा जुना, तीन इंग्रजी अक्षरांचा नंबर दिसतो का? जुन्या गाड्यांच्या नोंदी रजिस्टरांत हाताने केलेल्या आहेत आणि कित्येक अजून संगणकावर चढलेल्या नाहीत. तुमची नसेल तर आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागेल. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेली असेल तर ती नोंद तिकडच्या कार्यालयातून आणावी लागेल. तुमच्या तीन महिन्यांतला मोठा भाग इथेच खर्च होणार आहे, म्हणून गिऱ्हाईक ठरायची वाट न बघता हे काम सुरू करा.

मग नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ही फी ५,००० वरून १०,००० रुपये केली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर आणि उशिराबद्दल जे काही लागेल ते. दिल्लीच्या बातम्या वाचून घाबरू नका. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरचे ते निर्बंध दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरते आहेत. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली, कर भरला, विमा आणि पीयूसी असली की ती रस्त्यावर येते.

तपासणीच्या वेळी चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात, आणि नेमकं तिथेच जुन्या गाड्यांचं अडतं. बाबांनी रंग दिला तेव्हा पेंटरने त्या कोरलेल्या आकड्यांवरूनही ब्रश फिरवला असणार. आकडे बुजलेले असले तर पत्र्याने किंवा पॉलिश पेपरने खरवडू नका. आकडे पुसट झाले की 'नंबर खोडला' असा संशय येतो आणि मग ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी आकड्यांवर ठेवा, थर फुगू द्या, जुन्या टूथब्रशने हळूहळू काढा. आकडा स्वच्छ दिसला की त्यावर चिकटपट्टी लावून शिसपेन्सिल आडवी घासली की ठसा उमटतो. तो आरसीवरच्या आकड्यांशी एकेक करून ताडून बघा. इंजिन नंबरचंही तेच. आरसीवर रंग कोणता लिहिलाय तेही बघा. अजून 'हिरवट राखाडी' असेल तर तो बदलही नोंदवायचा राहिला आहे.

'पन्नास वर्षांवरची आहे, मग व्हिंटेज नोंदणी घेऊन टाकू,' असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला छान वाटतं, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोज किंवा सहज म्हणून चालवता येत नाही, व्यवसायासाठी तर नाहीच. नव्या मालकाला रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला भजी खायला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी. हा निर्णय त्याचा. तुम्ही साधं नूतनीकरण करून द्या.

गाडी जागी करण्याबद्दल थोडं, कारण घाईत इथेच नुकसान होतं. नवी बॅटरी टाकून थेट सेल्फ मारू नका. जुना फियाट मेकॅनिक बोलवा. प्लग काढून सिलिंडरांत थोडं ऑइल सोडून ते मुरू द्यायचं, मग पुलीवरून इंजिन हाताने फिरतंय का बघायचं. फिरलं तर टाकी पूर्ण रिकामी करायची, कार्ब्युरेटर उघडून साफ करायचा, ऑइल बदलायचं, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासायचे, आणि मगच स्टार्टर. ब्रेकचं काम झाल्याशिवाय गाडी जागची हलवू नका, पार्किंगचा उतारसुद्धा नको. विमा आणि नोंदणी होईपर्यंत रस्त्यावर तर अजिबात नाही, 'कोपऱ्यापर्यंत' सुद्धा. आरटीओत न्यायची तर ट्रकवर चढवून न्या. डेंटिंग-पेंटिंग करू नका. विकण्याआधी रंग मारलेली गाडी बघून जाणकार गिऱ्हाईक आधी चुंबक काढतं, खाली पुट्टी किती भरली ते बघायला.

आता गिऱ्हाइकं. भंगारवाल्याला नाही म्हणा. चालण्याजोग्या डिलाइटचं वजनावर मोल करणं मला पटत नाही.

लग्नवाल्यालाही नाही म्हणा, पैसे जास्त असले तरी. छप्पर कापणं माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं आहे. या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते, सगळी ताकद पत्र्याच्या सांगाड्यात असते. छप्पर कापलं की मधून वाकायला लागते, दारं बसेनाशी होतात. वर ती खासगी नंबर प्लेटवर भाड्याने धावणार. उद्या वरातीत काही झालं आणि नाव बदललेलं नसलं, तर नोटीस तुमच्या दारात येईल. तुम्ही म्हणाल, आता तर तुम्हीच म्हणालात की अटी घालू नका. बरोबर. अट विकल्यानंतर घालायची नसते. कुणाला विकायचं हे मात्र शेवटपर्यंत तुमच्या हातात आहे, आणि आवडनिवड तिथेच दाखवायची.

राहिला कोल्हापूरचा मुलगा. माझा कौल त्याला आहे, पण डोळे झाकून नाही. त्याला दोनदा बोलवा आणि दोन्ही वेळा कमी बोला. येऊन आधी काय बघतो ते बघा. बॉनेटसमोर सेल्फी काढतो, की गुडघ्यावर बसून मॅट उचलून पत्रा दाबून बघतो? 'किती अ‍ॅव्हरेज देते?' विचारतो, की 'पॉइंट शेवटचे कधी बदलले?' विचारतो? स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हातात घेऊन चारही गिअर सापडतात का त्याला? गाडी कुठे ठेवणार ते विचारा, छप्पर आहे का विचारा. कोल्हापूर या कामाला वाईट जागा नाही. उद्यमनगरात न मिळणारा भाग बनवून देणारे कारागीर आहेत, आणि दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बघत मोठं झालेलं ते गाव आहे, तिथे जुन्या गाडीची कुणी टिंगल करत नाही. त्याची आधीची कामं व्हिडिओवर नको, जाऊन बघा. त्या निमित्ताने तांबडा-पांढरा होईल.

पैसे मात्र घ्या. हळवे होऊन 'तू जपशील ना, मग दे काय द्यायचं ते' म्हणू नका. ज्याला गाडी स्वस्तात मिळते तो खर्चाचं पहिलं मोठं बिल आलं की ती सोडायला मोकळा असतो. त्याच्या आकड्यात नूतनीकरणाचा, दंडाचा आणि मेकॅनिकचा खर्च बसवा आणि त्याला तसं सांगा, 'कागद पूर्ण करून, चालू करून देतो, त्याचे एवढे.' पूर्ण कागदांची जुनी गाडी हे जुन्या गाडीच्या बाजारात दुर्मीळ प्रकरण आहे, तो समजून घेईल. हप्ते हवे असतील तर दोन चालतील, पण दुसरा हाती आल्यावरच नावबदल आणि ताबा. या गडबडीत ऑनलाइन जाहिरात टाकलीत तर 'मी लष्करात आहे, गाडी न बघता टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असा फोन येईल. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही. फोन ठेवून द्या.

ताबा आणि नावबदल एकाच टप्प्यात करा. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून 'तो बघेल' म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईपुरता मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. म्हणून अर्ज तुमच्या डोळ्यांसमोर दाखल व्हावा, पोच तुमच्याकडे असावी. ताबापत्रावर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. नोंदणी कोल्हापूरला हलवायची असेल तर २८ नंबरच्या ना-हरकतीचाही अर्ज लागेल. आणि नव्या आरसीवर त्याचं नाव आलेलं स्वतः बघा.

गाडीतलं काही काढून ठेवू नका. जॅक, हत्यारांची पिशवी, व्हील कॅप, जुनी पावती, पुस्तिका सगळं गाडीबरोबर जाऊ दे. आठवण म्हणून काढलेलं घड्याळ किंवा ग्रिलवरचं चिन्ह तुमच्या शोकेसमध्ये धूळ खात बसेल, आणि तिकडे तो मुलगा तेच चिन्ह शोधत चोरबाजार पालथा घालेल. आईने काही मागितलं तर ते वेगळं. बाकी अपवाद एकच, ती वही. ती तुमच्या घरची आहे. त्यात बाबांचं अक्षर आहे, कुठल्या गावी कितीला पेट्रोल भरलं ते आहे, म्हणजे तुमच्या घराच्या बदल्यांचा हिशेबच तो. मूळ वही तुम्ही ठेवा, नाहीतर आईला द्या. गाडीला त्यातल्या कामाच्या नोंदी हव्यात, इंजिन कधी उघडलं, बेअरिंग कधी बदलली. त्या पानांच्या झेरॉक्स काढून फाइलला लावा. बहिणीला सगळ्या वहीचे फोटो पाठवा. ती अक्षर बघून ओळखेल की कुठली ओळ कुठल्या गावची.

पैसे आईच्या खात्यात जमा व्हावेत असं मला वाटतं, पण ते तुम्ही तिघांनी मिळून ठरवा. बहीण बहुधा हो म्हणेल. नाही म्हणाली तर तिचा हिस्सा तिला द्या, वाद घालू नका.

आता चुलतभाऊ. त्याचं काकांवर प्रेम असेलही. पण तळेगावचा पाऊस, उघडं फार्महाउस, आठवड्याला एकदा येणारा मालक आणि वारसांच्या नावावर पडून राहिलेली नोंदणी, म्हणजे ताडपत्री फक्त पुण्याहून तळेगावला जाणार. शिवाय फुकट दिलेली गाडी पुढे त्याने परस्पर विकली तर तुम्हाला बोलायलाही तोंड राहणार नाही. त्याला सरळ फोन करा. आवाज चढवू नका, कारणंही देत बसू नका. कोल्हापूरच्या मुलाचा आकडा सांगा आणि म्हणा, 'घरातली म्हणून आधी तुला विचारतोय. हाच आकडा, गाडी तुझ्या नावावर, पुढचा विमा आणि कर तुझा. पंधरा दिवसांत कळव.' माझा अंदाज, उलटा फोन येणार नाही. आला आणि पैसेही आले, तर त्याला द्या, आणि मेकॅनिक म्हणून कोल्हापूरच्या मुलाचं नाव सुचवा.